उम्रो की पोगिनुओ

तीन वर्षं मी सर्बियात वेल्डिंगची कामं केली. तिथली भाषा शिकलो ती फोरमनच्या शिव्या ऐकत. धारूरला परत येऊन ग्रिलचं दुकान टाकलं, तेव्हा वाटलं, आता ती कशाला लागतेय.

मी परत आल्यावर आमच्याच गल्लीतला माझा मित्र तिथं गेला, त्याच फोरमनच्या हाताखाली. सात महिन्यांनी त्याची पेटी आली. उघडू नका म्हणाले, आम्ही उघडली नाही. त्याला तिकडं पाठवणाऱ्या एजंटानं हार्टअटॅक सांगितला.

पंधरा दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. अंगणवाडीत शिकवते ती. मोबाईलवर कंपनीचं दोन ओळींचं इंग्रजी पत्र होतं.

"भावजी, 'पास्ड अवे' म्हंजी?"

"वारले."

"ते मला बी कळतंय. कावून वारले, ते कुठं लिव्हलंय?"

कुठंच नव्हतं. कामावर असताना अचानक, एवढंच. फोरमनला विचारतो म्हणालो. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून ती ओळ सर्बियनमध्ये लिहायला बसलो आणि अडलो. आजारानं, म्हातारपणानं माणूस गेला की ते 'उम्रो' म्हणतात. अपघातात नाहीतर लढाईत गेला की 'पोगिनुओ'. इंग्रजी शब्द दोन्हीकडं चालतो. एजंटावर भरवसा ठेवून मी 'उम्रो' लिहिलं आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं. "उम्रो नाही. पोगिनुओ."

मागोमाग फोन. पाचव्या मजल्यावर परांचीची फळी निसटली होती. कमरेला सेफ्टीचा पट्टा नव्हता. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो बोलत होता," फोरमन म्हणाला, "तुमच्या भाषेत. मला काही कळलं नाही."

पुढचे तीन दिवस माझा पाय एका जागी ठरेना. एका खिडकीचं माप दोनदा चुकलो. तिच्या घराकडं निघायचो आणि पानटपरीपासून माघारी फिरायचो. तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "लेकराला तरास न्हाई झाला. झोपेत गेल्यावानी गेला." त्या म्हातारीचा एवढाच आधार मी काढून घ्यायचा का? बरं, न सांगून मी कोणाची बाजू घेत होतो?

चौथ्या दिवशी गेलो. फळीचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, फोन कधी आला तेही सांगितलं. वहिनी उभीच होती.

"तीन दिस झाले तुमाला कळून. मला कावून न्हाई सांगितलं?"

मी मोबाईल काढून फोरमनचा मेसेज तिच्यापुढं धरला.

"आता लिवून द्या," ती म्हणाली. "त्यांच्या भाषेत बी आन् इंग्रजीत बी."

कंपनीला द्यायचा अर्ज लिहिला. फोरमननं घडलं तसं आपल्या हातानं लिहून, सही करून पाठवलं. नोकरी जाईल म्हणालो, तर म्हणाला, जाऊ दे. दोन महिन्यांनी नवं पत्र आलं, त्यात 'फेटल ॲक्सिडेंट' असे शब्द होते. तिनं ते दोनदा वाचलं, आत गेली आणि दार लावून सासूला सांगितलं. बाहेर मला काहीच ऐकू आलं नाही. तेच मला सहन होईना.

आता दर रविवारी विहारातली वंदना झाली की ती वही घेऊन दुकानात येते. फोरमनशी तिला स्वतः बोलायचंय. 'मी त्याची बायको', 'तुमचे उपकार आहेत', एवढं तिला येतं. उच्चार माझ्यापेक्षा साफ आहेत.

परवा म्हणाली, "भावजी, 'त्ये शेवटी काय बोलले' हे कसं इचारायचं?"

फोरमननं ऐकलेलं मी तिला सांगितलेलं नाही. तिनं कशावरून ओळखलं, कोण जाणे.

"ते लई अवघड हाय," मी म्हणालो आणि ग्राइंडर चालू केला.

सर्बियनमध्ये पाच शब्दांचं वाक्य आहे ते.