आय कम, सर

परवा पौडला एका गॅरेजसमोर उभा होतो आणि ग्रीसचा वास असा काही नाकात शिरला म्हणता! गुडघेदुखी विसरून मी थेट विशीतला झालो. समोर धरणाचं निळंशार पाणी, डोंगरांवर कोवळं ऊन आणि धरणाच्या दरवाजांची दुरुस्ती जोरात चाललेली. मी कोळवण खोऱ्यातला नवा मॅट्रिक. गोऱ्या इंजिनिअरसाहेबाचं बोलणं मजुरांना आणि मजुरांचं साहेबाला सांगायला मला तात्पुरतं नेमलं होतं. पसंत पडलो तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा भाताच्या खाचरात. इंग्रजीचं व्याकरण मला तोंडपाठ होतं हो, पण साहेब समोर आला की सगळं पोटात परत!

पहिल्या संध्याकाळी काम सुटलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "आय कम, सर," आणि सरळ खोलीवर गेलो. आपण कुठूनही निघताना 'येतो'च म्हणतो. 'जातो' म्हणणं अभद्र. तेच मी जसंच्या तसं इंग्रजीत घातलं होतं. साहेब बिचारा माझ्यासाठीही चहा मागवून अंधार पडेपर्यंत वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तो लालबुंद. "यू सेड यू वेअर कमिंग!" माझी बोबडीच वळली. गेली नोकरी, म्हटलं. तेवढ्यात मागं उभा असलेला म्हातारा मुकादम मला ढोसत म्हणाला, "आरं, मिठाची गुळणी धरलीयास का? सांग की त्येला, आपल्यात जातो म्हनत न्हाईत."

"आणि चुकलं तर?"

"चुकू दे की! त्येला तरी कुटं मराठी येतंय?"

देवाशपथ सांगतो, अंगात वारं शिरलं माझ्या! मी निदान त्याच्या भाषेत अडखळत तरी होतो. तो आमच्या भाषेच्या उंबऱ्यापाशीही आला नव्हता. मी छाती पुढं काढली. "सर, इन माय हाउस, डेड मॅन गो. लिव्हिंग मॅन ऑलवेज कम. वी से, येतो."

साहेब असा खदखदून हसला, की वरचे मजूर हातातलं काम सोडून वाकून बघायला लागले. "येटो?" त्यानं मलाच विचारलं. "व्हेरी गुड, सर!" मी चक्क साहेबाला शाबासकी दिली. त्यानंतर माझी गाडी कुठं अडली नाही. "वेट सर, रोप इज ओल्ड," असं म्हणून त्याला थांबवायलाही मी कचरेना. चुका रोज होत, आणि रोज बोलायची हौस वाढे.

काम आटोपलं तेव्हा कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी माझ्यादेखत त्याला विचारलं, या मुलाचं पुढं काय करायचं? तो म्हणाला, "आस्क हिम." सगळे माझ्याकडे वळले. माझा शब्द तयार होता.

"आय स्टे, सर."

धरणापायी गावंच्या गावं उठून गेलेला हा मुलूख. इथं राहतो म्हणायला मिळणं केवढं भाग्याचं, ते कळायचं माझं वय नव्हतं. पुढं निवृत्त होईपर्यंत माझं इंग्रजी पुष्कळ सुधारलं. पण इतकं बरोबर वाक्य मी पुन्हा बोललो नाही.