भिजलेली दाढी

सलूनवाल्या नाथाकाकांनी गरम टॉवेल पिळून माझ्या गालांवर दाबून धरला. "आधी दाढी भिजू द्यायची. कोरड्यावर वस्तरा ओढला की कातडी सोलवटते," ते म्हणाले. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मला कुणी इतक्या सबुरीनं काही समजावलं नव्हतं. सुरतेत आल्यापासून तर चेहऱ्याला दुसऱ्याचा हातही लागला नव्हता.

तेवढ्यात कारखान्यातून शेठचा फोन आला. रजा रद्द झाली, उद्या गावी जायचं नाही.

गावी माझी तीन वर्षांची पोर आहे. मागच्या खेपेला तिच्या गालाला गाल लावला, तर "टोचतंय" म्हणून आईच्या पदराआड पळाली. तिच्यासाठीच तर आज इथे बसलो होतो.

"राहू द्या, काका. आता कुणासाठी?"

"गप बस रे. भिजलेली दाढी कुणी अशी सोडतं होय?" म्हणत त्यांनी हलक्या हातानं फेस लावला. त्या हाताचे उपकार कसे फेडू? पण मनात एकच येत राहिलं. राठ केस पाण्यानं मऊ होतात. लांब राहिलेल्या बापाला पोर परकं समजू लागली, तर त्यावर काय लावायचं?

पुढची रजा मिळेपर्यंत ती चार वर्षांची होईल. तेव्हा गाल पुढे करण्याआधी तिला सांगावं लागेल, मी तुझा बाबा.