भिजवलेलं धान

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर कधीतरी तो ब्रह्मदेशातून जीव वाचवून तुमसरात आला आणि उकडा तांदूळ करणाऱ्या एका राइस मिलच्या बॉयलरवर लागला. माझ्या वकिलीच्या ऑफिसात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तो दाराशी उभाच राहायचा. बोलता बोलता शर्टाची बाही हुंगायचा. भिजल्या धानाचा वास जातच नाही म्हणायचा.

परत पाठवू नका, हा त्याचा अर्ज नामंजूर झाला. अपिलासाठी तो आला तोवर मुदत उलटून गेली होती.

"बिमार होतास असं लिहू का?" मी विचारलं.

"कायले साहेब? मी तं चांगला होतो. हौदात धान भिजवलं होतं. वेळेवर वाफ नाही देली तं सडते."

मला त्याचा रागच आला. कोर्टातही त्याने तेच सांगितलं. उशिराचं ते कारण पटलं नाही आणि अपील तिथेच संपलं. तिकडे त्याला मारतील का, इथपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. चढता चढता तो वळला.

"साहेब, मिलात फोन करून द्या ना. धान भिजवून आलो."

मी फोन केला. धान वाचलं.