थेंब थंड की गरम?

मिस्त्रीचं अर्धं आयुष्य एका प्रश्नावर गेलं होतं. गिझर गळतोय असा फोन आला, की तो आधी विचारायचा, "थेंब थंड आहे की गरम?" थंड असेल तर घाई नाही, कुठला तरी जोड सैल झाला असेल, नाहीतर वायसर गेला असेल. गरम असेल तर आधी बटण बंद, मग बाकीचं बोलणं. आत पाणी वाजवीपेक्षा जास्त तापलं, की वाढलेला दाब सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतो, हे त्याने सत्तावीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. वर्षातून एकदा टाकीतला गाळ काढून घ्या, व्हॉल्व्ह तपासून घ्या, हेही सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि भिंतीला ओल आली की पुन्हा फोन करायचे. आताशा त्याला सांगण्याचाही कंटाळा आला होता. टाक्या खांद्यावर घेऊन जिने चढून गुडघे पार कामातून गेले होते.

घरचा गिझर तीन आठवडे गळत होता. बायकोने खाली बादली ठेवली. दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गिऱ्हाईक म्हणून फोन करू का तुम्हाला?"

"रविवारी बघतो," तो म्हणाला. रविवार आले आणि गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या बाथरूममध्ये राबल्यावर स्वतःच्या बाथरूममध्ये मान वर करून बघायचं त्याच्या जिवावर येई.

त्या संध्याकाळी तो घरी आला, तर बादली गॅलरीत उपडी घातलेली होती. आई टॉवेल घेऊन अंघोळीला निघाली होती.

"गळती थांबली?" त्याने विचारलं.

"मी थांबवली," आई म्हणाली. "दुपारी थेंब पडायचे त्या व्हॉल्व्हच्या नळीत चिंधी गुंडाळलेली खुंटी बसवली, बत्त्याने ठोकून. तुझे गुडघे बघते ना मी. म्हटलं, घरी आल्यावर तरी पोरामागे काम नको."

मिस्त्रीने विचारलं, "थेंब थंड होता की गरम?"

"गरम. चांगला चटका बसला की. पहिल्यापासून गरमच होता. तू विचारलंस कुठे?"

गिझर तासभर चालू होता आणि दाब बाहेर पडायची वाटच बुजली होती. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला, आईला दंडाला धरून मागे ओढलं आणि बाथरूमचं दार बाहेरून लावलं. आत टाकी गुरगुरत होती. आता खुंटीला हात लावायची सोय नव्हती. पाणी निवेपर्यंत कोणी तिकडे फिरकायचं नाही, असं त्याने बायकोला बजावलं, आणि मायलेक बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आपल्या आळसापायी आई आज त्या टाकीखाली उभी राहिली असती, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

हळूहळू गुरगुर थांबली. त्याने आईचा हात हातात घेतला. बोटावर टपोरा फोड आला होता.

"दुखतंय का?"

"आता नाही," आई म्हणाली. "आल्यापासून तू पाणी तरी प्यायलास का?"

मिस्त्रीने मान खाली घातली आणि तो रडायला लागला.