बिनधुराची कणसं

फुलाबाईने आयुष्यात दाणा वाया घालवला नव्हता, की कुणाच्या दारात पीठ मागितलं नव्हतं. पेठच्या डोंगरातल्या तिच्या घरात मक्याची कणसं चुलीवरच्या दांडीला टांगलेली असत, धुराने काळी पडलेली, पण खडखडीत कोरडी. यंदा गॅस आला, चूल विझली. कणसं मात्र सवयीने तिथंच टांगली गेली आणि पावसाळी ओल त्यांच्यात शिरली. सोलताना बोटांना हिरवट भुकटी लागे. फार हिरवे दाणे ती कोंबड्यांपुढे टाकी, उरलेले धुऊन, भाजून दळून आणी. आगीपुढे काय टिकतं?

मग कोंबड्या गप्प होऊ लागल्या. एकेक कोंबडी भिंतीकडे तोंड करून उभी राही, डोळे मिटी आणि सकाळी आडवी सापडे. अंगण इतकं मुकं झालं, की भाकरी थापल्याचा आवाज मोठा वाटू लागला.

घरात नात होती, संध्या. तिच्या पायातला काटा कधीच निघाला होता, पण जखम मिटेना. वरून खपली धरे, आत पू.

"भितीकडं तोंड करून नको बसू गं!" फुलाबाई एकदा ओरडलीच.

"उजेड टोचतो, आजी."

गुरांच्या दवाखान्यातल्या चैतालीताई मेलेली कोंबडी बघायला आल्या. कोंबडी ठेवून त्यांनी कणीस उचललं.

"रोगाचे जंतू सगळ्याच गावात असतात, आजी. तुमच्या कोंबड्या त्यांना पुरून उरायच्या. या बुरशीच्या विषानं त्यांची आतली ताकदच खाल्ली."

"म्या भाजून घेते की."

"भाजून बुरशी मरते. विष राहतं."

फुलाबाईची नजर घरात गेली. "आन् माणसाचं?"

चैतालीताईंनी संध्याचा पाय पाहिला. "हिला आजच दवाखान्यात न्या. आणि हे पीठ आता कुणी खायचं नाही."

फुलाबाईचा मुलगा हिरामण लेकीला मोटरसायकलवर घेऊन गेला. फुलाबाईने खड्डा खणला, कणसं पुरली, पीठही ओतलं. उरलेली एकच कोंबडी येऊन तीच माती उकरू लागली. फुलाबाईने तिला टोपलीखाली कोंडलं.

पोरगी परत येईल, भुकेली असेल. ती रिकामी परात घेऊन शेजारच्या राखीकडे गेली.

"अगं बया! फुलाआजी पीठ मागती? सूर्य कुठं उगवला म्हणायचा आज!" राखी हसत डबा काढू लागली.

फुलाबाईने वर पाहिलं. गॅसच्या शेगडीवर कणसं टांगलेली होती. पिवळी, स्वच्छ. धुराचा डाग नाही.

"राखी, तुझ्या कोंबड्या कुठं हायेत?"

"त्या काय, भितीशी उभ्या. सकाळपासून डोळे मिटून. ऊन लागलं असंल."

पीठ परातीत पडत होतं. फुलाबाईने परात हळूच मागे ओढली.