उघड्या डोक्याची देवी

एकोणीसशे तीस सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. मी बारामतीची, लग्न होऊन निमगाव केतकीला आले. सासूबाईंचा एकच धोशा, डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. चुलीपाशी वाकलं तरी नाही, कालव्यावर धुणं आपटलं तरी नाही. माझं डोकंच फिरायचं, कारण त्यांच्या देव्हाऱ्यात एक देवी खुशाल उघड्या डोक्यानं बसलेली होती.

ती सासऱ्यांना उसाचं रान नांगरताना सापडली. काशाचं जाड नाणं, त्यावर बाईचा मुखडा आणि मानेवर घट्ट अंबाडा. सासूबाईंनी तिला खंडोबाच्या टाकाशेजारी बसवलं. रोज चिंचेनं घासायच्या, हळदीकुंकू वाहायच्या.

एकदा मी विचारलंच, "आत्याबाई, हिच्या डोक्यावर कुठं पदर हाय?"

"देवी हाय ती. तिला कोण इचारणार?"

दिवाळीला माझे मामा आले. शाळामास्तर, जुन्या नाण्यांचा भारी नाद. नाणं उलटसुलट करून म्हणाले, "हे रोमचं नाणं. देवी आहे ती मागच्या बाजूला. तुम्ही पुजता ती तिथल्या बादशहाची बायको."

सासूबाईंनी नाणं मामांच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी कुणाच्या तरी घरची सूनच की!"

मला वाटलं, आता नाणं उलटणार आणि खरी देवी वर येणार. सकाळी बघते तर बादशहाची बायको आपल्या जागीच होती. फक्त खणाचा एवढासा तुकडा कापून सासूबाईंनी तिच्या अंबाड्यावरून नीट पदर ओढून दिला होता.