गाळणीतला खडा

आमच्या गल्लीतील घड्याळजी उजव्या डोळ्याला भिंग लावल्यावाचून कशावरही विश्वास ठेवत नसत. दूधवाल्याचे दूध, जावयाचे पत्र, शेजाऱ्याचे आमंत्रण, सर्व काही ते उलटसुलट करून पाहत. चौतीस वर्षांत भिंगाखाली न धरलेली व्यक्ती एकच, त्यांची पत्नी.

अशा माणसाच्या मूत्रपिंडात खडा झाला. सर्जननी महिन्याची मुदत दिली. मूत्रपिंडाला किंचित सूज होती. महिन्याभरात खडा न पडल्यास शस्त्रक्रिया. पत्नीने वैद्यांचे नाव सुचवले. पाषाणभेद, गोखरू, वरुणाची साल यांचा काढा आणि चूर्णाच्या पुड्या सुरू झाल्या आणि दुखणे थांबले. घड्याळजी प्रत्येक पुडी आधी भिंगाखाली निरखीत. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळण्याचा नियमही त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी न्हाणीघरात ठेवलेल्या त्या गाळणीत खडा दिसला.

"पडला एकदाचा!" पत्नी म्हणाली. "आता कशाला ते ऑपरेशन?"

"एवढा गुळगुळीत गोटा पडला आणि मला पत्ताच नाही? पाणी कुठेतरी मुरतंय."

मला साक्षीदार म्हणून घेऊन ते थेट वैद्यांकडे गेले.

"हा खडा तुम्हीच पुडीतून खाऊ घातलात."

वैद्यांनी दोरीवरचे तलम फडके पुढे केले. "चूर्ण यातून गाळतो. घालून दाखवा तुमचा गोटा. आणि गिळलेला दगड त्या वाटेनं बाहेर येत नाही हो! घड्याळाचं आतलं एवढं कळतं, स्वतःचं काहीच नाही?"

मग त्यांनी भिंग मागून घेतले, खडा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा पोटातला नव्हे. दुखणं थांबलं म्हणून भुलू नका. काढा राहू दे बाजूला, आधी सोनोग्राफी करा. आजच."

सोनोग्राफीत खडा होता तिथेच दिसला. सूज मात्र वाढली होती.

घरी येऊन घड्याळजींनी खिडकीतल्या कुंडीतला एक गोटा उचलला आणि दोन्ही शेजारी ठेवले. भिंगाची गरज पडली नाही. पत्नी दारातच उभी होती.

"माझे बाबा ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत," ती म्हणाली. "खडा पडला असं वाटलं तर तुम्ही जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं."

घड्याळजींनी दोन्ही गोटे कुंडीत टाकले.

शुक्रवारी रुग्णालयात संमतिपत्रावर तिने सही केली. घड्याळजींनी सवयीने भिंग काढले.

"बघू, सही तरी खरी आहे ना?"

तिने ते त्यांच्या हातून काढून घेतले. "हे माझ्यापाशी राहील. हवं असेल तर परत यायचं."

हुज्जत न घालता घड्याळजी स्ट्रेचरवर आडवे झाले.